विहिरीची वर्दी

१७ एप्रिल, रात्रपाळी

उकाड्यानं झोप लागेना, म्हणून वही काढली.

अग्निशमन सेवा सप्ताह चालू आहे. १४ तारखेला सकाळी १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांना श्रद्धांजली आणि दुपारपासून भीमजयंतीच्या मिरवणुकीला बंब उभा, हे आमचं दरवर्षीचं. मग शाळांमधली प्रात्यक्षिकं. या वर्षी पहिल्यांदाच ‘ताणतणाव’ आला. समुपदेशक मॅडम आल्या होत्या. मला वाटलं, प्राणायाम सांगतील, फोटो काढतील, जातील. (प्राणायाम झालाच. फोटोही.)

पण त्यांनी आधी विचारलं, सगळ्यात जड वर्दी, म्हणजे मदतीला या म्हणून आलेला निरोप, कोणती जाते? आग असं कुणीच म्हणालं नाही. विहीर, सगळे एकदम.

लोकांना वाटतं बंबवाले म्हणजे आग. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे विहिरी. शाळा सुटलेल्या, पोरं पोहायला उतरतात. कुणीतरी फोन करणार, आम्ही धुरळ्यातून त्या वस्तीवर पोचणार, तोवर वाचवायचं काही उरलेलं नसतं. गळ टाकायचा, दोरांनी बाज बांधून खाली सोडायची. काठावर अख्खं गाव, त्यातले निम्मे मोबाइल धरून. आणि पोराची आई. गाव ओळखीचं निघालं तर पुढच्या बाजाराला तिचा नवरा समोर येतो आणि रामराम घालतो. त्या रामरामाला काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात अंग मोडून काम केलं होतं. ओल्या कपड्यांत कितीतरी वेळ उभे होतो, तरी टेकल्या टेकल्या झोप लागायची. पत्र्यावरून उतरवलेली म्हातारी शेळी राहिली म्हणून आम्हाला शिव्या घालत होती. शिव्या घालणारं माणूस जिवंत असतं. विहिरीवरून परतताना असं काहीच हाताला लागत नाही. माझ्या मते जवानाला मोडतं ते हे. रक्त बघायची सवय होते, उशिरा पोचायची होत नाही.

मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती पटली. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना लगेच गोल बसवून काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं, ही पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजली. मिशेल नावाच्या माणसानं ती आणली, तोही आधी अग्निशमनातलाच. पुढे तपासून पाहिलं तर अशा एका बैठकीनं नंतरचा त्रास टळतो असं काही दिसलं नाही, काहींचा तर वाढला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका सांगते: बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलायची सक्ती करू नका.

आमच्यातले जुने जवान, मामा, मागं बसून हसले. मामा किल्लारीच्या भूकंपाला होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. मामा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर, ढिगारे उपसायला गेलेलं. “तवा आम्हाला कुणी इचारलंच न्हाई, सक्ती कशाची करतेत,” एवढंच म्हणाले. त्यापुढं मामा किल्लारीबद्दल कधी जात नाहीत, आम्हीही नेत नाही.

पण विहिरीवरून आलं की मामा काय करतात, ते मला आज नीट दिसलं. कुणालाही तसंच घरी जाऊ देत नाहीत. आधी दोर धुवायचे, मोजून ठेवायचे. मग अंघोळ. मग चहा, आणि नव्या पोराला शेजारी बसवून भलतंच काहीतरी, सोयाबीनचा भाव नाहीतर जावयाची चेष्टा. दोन-तीन दिवसांनी मात्र हळूच, “काय इचार करलालास रे? झोप लागती का?” पुस्तिकेतलं बघणं न् ऐकणं झालं की. जोडून देणं तेवढं मामांना जमत नाही, त्यांच्या काळात जोडायला होतं कोण? आता १४४१६ आहे, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मॅडमनी फळ्यावर लिहिला. कंत्राटी पोरानं शेजाऱ्याला न दिसेल असा मोबाइलमध्ये टिपून घेतला. मी पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

दारूचाही विषय निघाला. घेतली की लवकर लागते, पण झोप मध्येच तुटते, असं त्या म्हणाल्या. आमच्यातले दोघं-तिघं एकदम बूट बघायला लागले.

रजेचं मात्र त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. अर्जात कारण काय लिहायचं? ‘विहिरीतलं पोर डोळ्यासमोरून जात नाही’ असं लिहिलं तर मंजूर कोण करणार! म्हणून सगळ्यांचं पोट बिघडतं. कंत्राटी पोराला तर पोटाचीही रजा नाही, पगारच कापला जातो. त्याला मन घट्ट कर म्हणून सांगणं सोपं आहे.

उद्या साहेबांकडं एकच मागणार आहे. ज्यानं बाज वर ओढली, त्याला पुढच्या विहिरीवर पाठवायचं नाही, गाडीवर किंवा पंपावर ठेवायचं. खर्च शून्य, पाळीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवायचा फक्त. साहेब म्हणतील, माणसं कुठायत? खरंच नाहीत. तरी रकाना मी आखून नेणार आहे. कोण कितव्यांदा उतरलं, ते लिहिलेलं तरी राहील.