दिवसाच्या गाडीने, एकटीच

कार्तिक वद्य, गुरुवार. अकोला सोडल्यावर.

पुण्याला ताईकडे जायचं म्हटलं की सगळे रात्रीची गाडी सुचवतात. झोपेत प्रवास होतो म्हणे. मी मात्र तिरोड्याहून सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसच धरते. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही, आणि अख्खा विदर्भ उजेडात दाखवते. खिडकी मिळाली की दिवसभर कुणाची हाक नाही. घरी चुलीपासून गोठ्यापर्यंत हाकाच असतात.

मुंडीकोट्यानंतर वैनगंगेचा पूल, आणि मग भंडाऱ्यापर्यंत धानच धान. हलका धान कापून झालाय. बांध्यांमध्ये कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, पसरलेल्या, कुठे पुंजणेही, म्हणजे धानाचे ढीग, रचलेले. आज एका ठिकाणी कडपा तशाच पडलेल्या आणि वर आभाळ भरून आलेलं दिसलं. त्या माणसाचं नाव माहीत नाही, गावही नाही, तरी कामठीपर्यंत जीव त्याच्याच बांधीत अडकला होता. सोबत कुणी असतं तर बोलण्याच्या नादात ती बांधी दिसलीही नसती.

नागपूरला डबा भरतो, संत्री आत येतात, आवाज वाढतो. बुटीबोरी मागे पडेपर्यंत मी डोळे मिटून घेते.

सिंदीनंतर माती काळी होते. कापसाची पऱ्हाटी फुटलेली, मधल्या ओळींत तूर पिवळ्या फुलावर, कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. गाडी वेगात असली तरी एखादी मान वर करून बघतेच. माझी आजी वर्धेकडची. पहिल्या वेचणीला तिच्या माहेरी सीतादही करत, वावरात दहीभात शिंपडत. ते तिच्याकडून ऐकलेलं सगळं मला याच पट्ट्यात आठवतं, घरी बसून आठवत नाही. ही रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, तीही मुख्यतः कापूस मुंबईला न्यायला. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. इथल्या बायांच्या ओटीतला कापूस केवढा लांब गेला असेल! रुळांकडे बघताना मला त्या बायाच आधी दिसतात.

पुलगाव सुटल्यावर वर्धा नदी. समोरच्या आजोबांनी नाणं टाकलं आणि हात जोडले. नदीपलीकडे वऱ्हाड.

धामणगावला एक म्हातारी शेजारी येऊन बसली.

"एकटीच निंघाली का माय?"

"हो आजी, एकटीच."

"बरं हाय. खिडकी भेटली तुले."

तिनं पिशवीतून जांब, म्हणजे पेरू, काढून माझ्या हातात ठेवला. मी लसणाची चटणी लावलेली पोळी दिली. बडनेऱ्यापर्यंत तिनं लेकीचं बाळंतपण, सोयाबीनचा भाव, गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगितलं. बडनेऱ्याला उतरली, मागे वळून पाहिलंही नाही, आणि मला ते फार आवडलं. ना नंबर घेणं, ना पुन्हा भेटण्याचं वचन. तेवढ्या वेळापुरती ती पूर्ण माझी होती.

मूर्तिजापूरला मी दरवेळी शकुंतलेचे, म्हणजे त्या जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ शोधते. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, जेमतेम अडीच फुटी. गाडी बंद पडली तरी आमच्याकडचे म्हातारे तिच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. ती पुन्हा धावावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यात बसून एकटीनं यवतमाळला जायचंय मला.

आता शेगाव येईल. पलीकडच्या बाकावरची मंडळी आत्तापासूनच बॅगा काढून 'गण गण गणात बोते' म्हणू लागली आहेत. पारायणाला चालली असावीत. ताईचा फोन येऊन गेला, "कंटाळली असशील ना गं?" तिला काय काय सांगू, सुचेना. मलकापूरपर्यंत उजेड पुरेल. पुढची रात्र झोपून काढीन. परतीला पलीकडच्या बाजूची खिडकी मागणार आहे, या खेपेला त्या अंगाची वावरं बघायची राहिली.