फोर्टातलं काउंटर आणि कुडाळकडच्या जत्रा

"झूम किती आहे?" काउंटरवर येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षं हाच. मधली काही वर्षं "मेगापिक्सेल किती?" असा होता, हल्ली "फुल फ्रेम आहे ना?" असा असतो. गिऱ्हाइकाचे प्रश्न बदलत गेले, माझा उलटा प्रश्न तोच राहिला: "फोटो कुठे काढणार? तिथे उजेड कसला असतो?" निम्मी माणसं गोंधळतात. काहींना वाटतं, हा टाळतोय. पण या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मला कळतं की समोरच्याला पन्नास हजारांची बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) लागणार आहे की दहा-बारा हजारांची लेन्स. हा प्रश्न मला दुकानात कुणी शिकवला नाही. तो मी दशावताराच्या मांडवात शिकलो.

मी १९९१ मध्ये मुंबईच्या फोर्टात, बोरा बाजाराजवळच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात लागलो. काम काय, तर काचा पुसायच्या, धुवायला आलेल्या रोलच्या पाकिटांवर नावं घालायची आणि शेठ चहाला गेले की गल्ल्यावर लक्ष ठेवायचं. याशिका एमएफ-टू तेव्हा धडाधड जायचा. घरोघरचे आग्फा क्लिक थ्री दुरुस्तीला यायचे. त्यातला बिघाड बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुलाने आत बोट घातल्याचा असे. चांगले जपानी कॅमेरे आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसांच्या बॅगेतून यायचे. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे पुष्कळ. माझी मालवणी ऐकली की ते दोनशे रुपये कमी सांगायचे, आणि शेठ म्हणायचे, "याला पगार देतो तो वसूल झाला."

या धंद्याचा मूळपुरुष म्हणून मी सावेदादांना मानतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवायचे, फोटोग्राफीच्या सामानाचा व्यापारही करायचे, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी चित्रित केली. इंग्लंडहून मागवलेला सिनेमाचा कॅमेरा नुसता काचेमागे ठेवून त्यांना चैन पडलं नाही, हे मला फार आपलं वाटतं. विकणाऱ्याच्या हाताला खाज सुटली की असंच होतं.

माझ्या हाताला खाज सुटली ती एका पेंटॅक्स के-१००० मुळे. कुणीतरी मोडीत द्यावा तसा विकून गेला होता. सगळा यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, आणि त्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सला टोपी घातली की तेवढा शांत. शेठनी पगारातून कापून मला दिला. सोबत एफ २ ची फिफ्टी, म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. मी तो घेऊन थेट जत्रेला गेलो.

माझं गाव कुडाळ तालुक्यात. कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा सरली की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. पुरुषच बायकांची कामं करतात, ज्याचा तो स्वतःच तोंड रंगवतो, संवाद जागच्या जागी रचतात. एका बाकड्याचं सिंहासन होतं, तेच अरण्य, तेच कारागृह. आता गंमत अशी की लग्नसराईचा हंगामही तुळशीचं लग्न झालं की सुरू होतो. म्हणजे विरार, कल्याण, पनवेलचे लग्नवाले फोटोग्राफर दुकानात रांग लावणार, आणि नेमक्या त्याच दिवसांत मला सुट्टी हवी. शेठशी माझी भांडणं झाली ती एवढ्यावरूनच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा तह झाला: शनिवारी दुकान बंद करून रात्रीची कोकणकन्या, रविवारची रात्र मांडवात, सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी. रविवारी फोर्ट बंदच असतो, त्यामुळे रजा एकट्या सोमवारची. त्याआधी एसटी होती, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पहिल्याच खेपेला मी फ्लॅश घेऊन गेलो होतो. रंगपटात आरशात बघून भुवया काढत असलेले एक जुने नट म्हणाले, "फोटो काढ, पण तो फ्लॅश नको हां." तेवढंच. त्यांचं खरं होतं. समोर तलवार परजून वीररसात आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पांढरा झोत मारायचा म्हणजे त्याचा संवाद तोडायचा. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत फ्लॅश नाही. दुकानात मात्र मी आयुष्यभर विकले.

फ्लॅश नाही म्हटल्यावर उरल्या मांडवातल्या दोन ट्यूबलाइट. रोलवरचा आकडा जितका मोठा तितका तो कमी उजेडात चालतो; आम्ही चारशेचा ब्लॅक अँड व्हाइट रोल सोळाशेचा समजून मारायचा आणि धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. दाणे मुगाएवढे यायचे, पण चेहरा यायचा. रंगीत रोलवर वेगळीच पंचाईत. रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला, त्यामुळे ट्यूबखाली सगळं हिरवं. देव हिरवा, दैत्य हिरवा. त्यावर जांभळट गुलाबी फिल्टर मिळायचा, आम्ही विकायचोही. पण तो जवळजवळ एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो, आणि मांडवात खायला उजेड होताच कुठे? मग लॅबवाल्याच्या मागे लागून प्रिंट करतानाच हिरवा कमी करून घ्यायचा. दशावतारातला राक्षस, नखशिखांत काळा संकासूर काळ्या रात्रीत उभा, हा फोटो मला रोलवर कधीच धड मिळाला नाही.

कॅमेरे कसे सुधारत गेले हे बाकीच्यांनी जाहिरातीत वाचलं, मी संकासुरावर पाहिलं. २००४ मध्ये निकॉन डी७० आला. त्याची आयएसओची (रोलवरचा तोच आकडा) धाव सोळाशेपर्यंत, आणि सोळाशेवर काळ्या पोशाखात लाल-निळ्या ठिपक्यांची रांगोळी. २००८ मध्ये डी७०० आला, तो दुकानातून एका रात्रीसाठी मागून नेला. सहा हजार चारशेवर संकासुराच्या अंगावरच्या चुण्या दिसल्या. शेजारच्या बाकावरच्या पोराला मी स्क्रीन दाखवत सुटलो, त्याला त्यात विशेष काय ते कळेना. पुढे डी७५० स्वतःचा घेतला, सेकंडहँड. अजून तोच आहे. दिवसभर नवे कोरे कॅमेरे हाताळणाऱ्याला घरी जुनाच बरा वाटतो. हलवायाचं मिठाईशी जे असतं तेच.

मग मांडवात एलईडी आले आणि मी परत पहिलीत. ट्यूबपेक्षा उजेड भरपूर, पण आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोवर आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला पत्ता लागत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर (रोलच्या जागी फोटो टिपणारी चिप) एका दमात वाचत नाही, वरून खाली ओळीने वाचतं, आणि काही ओळी दिवा मंद असताना वाचल्या जातात. उपाय सोपा: शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याची पूर्ण फेरी येते. सगळे एलईडी मात्र इतके सरळ वागत नाहीत; मंद करता येणारे आणि रंग बदलणारे काही आपल्याच लयीत लुकलुकतात. पट्टे दिसतात म्हणून नवी बॉडी बदलून मागायला आलेले लग्नवाले मी याच एका आकड्यावर परत पाठवले आहेत. त्यांच्याकडून चहा मिळतो. शेठला यात विक्री दिसत नाही, पण तेच लोक पुढच्या दसऱ्याला येतात.

दसरा म्हणजे आमची दिवाळी. नव्या बॉडीला झेंडूचा हार, बॉक्सवर स्वस्तिक, पेढे. एकच विनंती मी दरवर्षी हात जोडून करतो: कुंकू लेन्सच्या काचेला लावू नका. टोपीला लावा, पट्ट्याला लावा.

आणि पावसाळा संपला की बुरशीवाले येतात. कोकणातला आणि मुंबईतला कॅमेरा पडून फुटतो त्यापेक्षा कपाटात राहून जास्त मरतो. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि उशीर झाला तर ते काचेवरचा लेप खातात. मग साफ करूनही डाग राहतो. चामड्याची केस दिसायला देखणी, पण पावसाळ्यात तीच बुरशीचं माहेर. डांबरगोळ्यांनी कपडे वाचतात, लेन्स नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात निळी सिलिका जेल टाका. ती गुलाबी झाली की मंद आचेवर गरम करा, परत निळी होते. त्यासाठी भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकातलं अजिबात नको. जुनी लेन्स घेताना तिच्या आतलं उजेडाचं छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारून बघा. विकणारा टॉर्च मारू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

धंद्याचं म्हणाल तर मी चढही पाहिला आणि उतारही. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये ९० लाखांपेक्षा कमी. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांचं आमचं अख्खं शेल्फ मोबाइलने रिकामं केलं, तिथे आता ट्रायपॉड आणि रिंगलाइट आहेत. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि इथे आम्ही "पुढच्या आठवड्यात या" म्हणत बसलो. २०१७ मध्ये जीएसटी आला तो डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के, "बिलाशिवाय किती?" हा प्रश्न तेव्हा सर्वांत जास्त ऐकला. २०१९ च्या जानेवारीपासून १८ झाला. बिल नसलेला माल घेऊ नका हे मी तेव्हाही सांगायचो आणि ऐकणारे तेव्हाही थोडेच होते. सध्या कॉलेजातल्या मुली पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे तेच छोटे कॅमेरे शोधत येतात. त्यांची फोटोंची जाण मला आवडते. त्या झूम विचारत नाहीत.

मागच्या हंगामाआधी आमच्याकडचाच एक पोरगा दुकानात आला. एका दशावतारी मंडळात बायकांची कामं करतो, आवाज सुरेख. मंडळाचे प्रयोग यूट्यूबवर टाकायचे होते आणि मोठ्या झूमचा कॅमेरा हवा होता. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काका, आता सगळीकडे एलईडीच." मग जुनी बॉडी, एफ १.८ ची लेन्स, व्हिडिओला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, एवढं त्याला बसवून दिलं. पैसे उरले त्यात माइक घेतला. दशावतारात माइकला लेन्सपेक्षा जास्त काम असतं असं माझं मत आहे.

पौर्णिमेनंतर त्याचा फोन आला. पट्टे गेले, आवाज स्वच्छ, लोक बघतायत. पुढच्याच आठवड्यात परत फोन: मंडपवाल्याने यंदा रंग बदलणारे नवे दिवे लावलेत, राक्षस आला की सगळं जांभळं होतं आणि पट्टे परत सुरू. शटर किती ठेवू?

मी म्हटलं, शटर थोडं थोडं हलवून बघ, एखाद्या ठिकाणी जुळेल. नाहीच जुळलं तर मंडपवाल्याला गाठ आणि एक तरी दिवा साधा लावायला सांग.

"तो ऐकत नाही काका. तो सरपंचाचा भाऊ."