एन ८.५ एक्स २५

व्हीएमसीवरचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचे, काका सहसा वर ऑफिसात येत नाहीत. काही विचारायचं असलं की हेल्परला पाठवतात. त्या दिवशी मात्र स्वतःच जिना चढून आले. हातातल्या प्रिंटवर कूलंटचे डाग पडलेले.

"ताई, ही खाच कुठून कुठं घ्यायची? लिवलंय साडेआठ बाय पंचवीस, अन् चित्रात तर नुसता गोल दिसायलाय."

प्रिंट प्लॅनिंगमधून परस्पर खाली गेली होती, त्यामुळे मीही ती पहिल्यांदाच बघत होते. एका फिक्श्चरची (मशीनवर जॉब पकडून ठेवायच्या साधनाची) बेस प्लेट, जाडी ४० मिलिमीटर. होलला बाण लावून इंग्रजी स्मॉल अक्षरांत लिहिलेलं: "एन ८.५ एक्स २५". पलीकडच्या होलला "एन ९" आणि त्याखाली "व्ही एन १५ एक्स ९". शॉपवर रोज 'बाय' वाचणारा माणूस त्या 'एक्स'ला गुणाकारच समजणार, त्यात त्याची काय चूक? मुळात ड्रॉइंग चुकीचं वाटतच नव्हतं, हीच खरी गोम होती. साडेआठची एंडमिल (खाच कापायचं कटर) लावून पंचवीस लांबीची खाच सहज पाडता आली असती. काकांनी लिहिलेल्यापेक्षा चित्रावर जास्त भरवसा ठेवला म्हणून प्लेट वाचली.

शेजारी टॉलरन्सची, म्हणजे माप किती चुकलं तरी चालेल त्याची, चौकट होती. पहिल्या घरात "जे", दुसऱ्यात "एन ०.१ एम", पुढं कॅपिटल ए आणि बी. क्यूसीतला, म्हणजे तपासणीतला, नवा पोरगा डोकावून म्हणाला, "०.१ मीटर टॉलरन्स? मग तर काही टेन्शनच नाही!" काका हसले नाहीत. मशीन उभं होतं.

साडेआठ हा एम-१० च्या टॅपचा, म्हणजे दहा मिलिमीटरचे आटे पाडण्याआधीच्या भोकाचा, ड्रिल, हे कुठल्याही फिटरला पाठ असतं. म्हणजे 'एन' हा व्यास असणार आणि 'एक्स २५' म्हणजे खोली. अंदाज बरोबरच होता, पण अंदाजावर प्लेट कापता येत नाही. फाइल उघडून तो मजकूर प्रॉपर्टीजमध्ये पाहिला. 'एन'च्या आधी बॅकस्लॅश, एफ आणि जीडीटी असं लिहिलेलं. म्हणजे तेवढ्या एका अक्षरापुरता फाँट बदललेला. अशी बदली टेक्स्ट स्टाइलच्या यादीत दिसतच नाही, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला त्या ड्रॉइंगात हा फाँट आहे याचा पत्ताही लागत नाही.

जीडीटी हा ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या जातीचा) फाँट. त्यात इंग्रजी स्मॉल अक्षरांच्या जागी भौमितिक टॉलरन्सच्या खुणा बसवल्या आहेत. एनवर व्यास, एक्सवर खोलीचा बाण, व्हीवर काउंटरबोअर (बोल्टचं डोकं बसायचा रुंद खड्डा), डब्ल्यूवर काउंटरसिंक (तिरप्या कडेचा खड्डा). जेवर पोझिशन, सीवर सपाटपणा, बीवर काटकोन, एफवर समांतरता, आणि एमवर तो गोलातला एम. आमच्याकडचं कॅड स्वस्तातलं, दुसऱ्या कंपनीचं. त्यात हा फाँट नव्हता, म्हणून त्यानं गुपचूप सिम्प्लेक्स हा साधा फाँट लावला आणि खुणांखाली दडलेली अक्षरं उघडी पडली. जुन्या मराठी फाँटात टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की इंग्रजीची खिचडी दिसते, तिथंही हेच घडतं. फरक एवढाच की ती खिचडी कुणी खरी मानत नाही. 'एन ८.५ एक्स २५' मात्र खरं वाटतं. अक्षर सापडलं नाही तर कॅड प्रश्नचिन्ह दाखवतं, ते मला परवडतं. प्रश्नचिन्ह दिसलं की माणूस निदान थांबतो.

प्रश्नचिन्हंही होती. प्लेटच्या मशिनिंग केलेल्या तोंडांवर, फिनिशची, म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा त्याची, खूण असते तिथं. हे जीडीटीतलं नव्हतं, कारण तिथं कस्टमरनं स्वतः बनवून घेतलेल्या फाँटचं नाव होतं. फोन लावला. पलीकडून ठरलेलं उत्तर आलं: "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय, मॅडम." दिसणारच, फाँट त्यांच्याच मशीनवर आहे! ड्रॉइंग ई-ट्रान्समिटनं (सोबत लागणाऱ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडनं) पाठवा आणि त्यात फाँट घेण्याच्या चौकटीत टिक करा, असं दोनदा सांगावं लागलं. जेवणाच्या सुट्टीनंतर झिप आली.

आता त्या फाँटात काय कुठं आहे ते कसं शोधायचं? विंडोजचा कॅरेक्टर मॅप इथं कामाचा नाही. तो विंडोजमध्ये बसवलेले ट्रूटाइपसारखे फाँट दाखवतो, एसएचएक्स त्याच्या गावीही नसतात. एसएचएक्स म्हणजे पेन-प्लॉटरच्या जमान्यातली चीज: प्रत्येक अक्षर म्हणजे पेन कुठून कुठं न्यायचं त्याच्या सूचना, आणि प्रत्येकाला एक नंबर. मग तो नंबरच वापरायचा. त्या फाँटाची टेक्स्ट स्टाइल केली आणि दोन टक्का-चिन्हं अन् पुढं तीन आकडी नंबर, असं ०३२ पासून २५५ पर्यंत ओळीनं लिहिलं. हातानं लिहायला जीव जातो, एक्सेलमध्ये नंबर ओढून स्क्रिप्ट बनवली की मिनिटाचं काम. शेजारच्या रकान्यात तोच नंबर सिम्प्लेक्समध्ये ठेवला, म्हणजे कोणता आकार कुठला ते लगेच कळतं.

एबीसीडी नेहमीसारखी होती. १५० च्या पुढं एकदम त्रिकोण उमटले: एक, दोन, तीन. फिनिशचे जुने त्रिकोण! नव्या ड्रॉइंगांत रफनेसचा आकडा लिहितात, पण वाळूजच्या शॉपवर 'तीन त्रिकोण' म्हटलं की ग्राइंडिंग, हे आजही सगळ्यांना कळतं.

आणखी एक उलगडा त्याच तक्त्यातून झाला. ऑटोकॅडच्या साध्या फाँटांत १२७ वर अंशाची खूण असते, १२८ वर अधिक-उणे, १२९ वर व्यास. दोन टक्का-चिन्हं आणि सी टाइप केलं की व्यास येतो तो यामुळेच. ज्यानं कस्टमरचा फाँट बनवला त्यानं १२९ रिकामाच सोडला होता. म्हणून त्यांचा ड्राफ्ट्समन बिचारा प्रत्येक व्यासासाठी जीडीटीतला एन आणत बसला होता. मनातल्या मनात मी त्याला माफ केलं.

सगळ्या खुणा जागेवर आल्यावर नवी प्रिंट घेऊन खाली गेले. पोराला गोलातल्या एमचं सांगितलं: होल जितकं मोठं होईल तितकी पोझिशनला जास्त सूट मिळते. त्याला पटायला वेळ लागला. काका म्हणाले, "ते तुमी अन् क्यूसीनं बघा. मला पंचवीस खोल हाय का नाय तेवढं सांगा," आणि ड्रिल लावायला वळले.

आता कस्टमरकडून डीडब्ल्यूजीसोबत, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ फाइलसोबत, पीडीएफही मागते. पीडीएफमध्ये एसएचएक्सची अक्षरं रेषा म्हणून जातात, त्यामुळे आमच्याकडे फाँट नसला तरी खुणा शाबूत राहतात. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय प्रिंट खाली सोडत नाही. "कस्टमरला दर वेळी काय काय मागायचं?" म्हणून मालक कुरकुरतात. त्या चाळीसच्या प्लेटचं मटेरियल बिल त्यांनीच पास केलेलं असल्यानं कुरकुर फार लांबत नाही.