ब्लॅक सॅबथचा निरोप आणि आमचं गोडाऊन

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै २०२५ ला गेला, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी काहीतरी टाकून राहिलं, जुन्या कॅसेटचा फोटो, कुठलीतरी क्लिप, रात्री दोन वाजता पाठवलेला लांबलचक व्हॉइस मेसेज. हे सगळं ग्रुपमध्येच गुड मॉर्निंगच्या खाली दबून जाईल म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. आम्ही म्हणजे राळेगाव तालुक्यातले आणि आजूबाजूच्या गावांतले काही जण, एकाचं कृषी केंद्र आहे, एक बुटीबोरीला कंपनीत आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे, एकाचं मंडप डेकोरेशन आणि साउंड, आणि मी घरची शेती करतो. यातल्या एकानेही ब्लॅक सॅबथला समोर स्टेजवर पाहिलेलं नाही. ते भारतात कधी आलेच नाहीत. तरी आमच्याकडे त्यांच्या निरोपाच्या आठवणी आहेत आणि त्या आमच्या स्वतःच्या आहेत.

सुरुवात कॅसेटपासून. गुरुजीचा मोठा भाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता, त्यानं सीताबर्डीवरून भरून आणलेली टेप, वर निळ्या पेनने नुसतं सॅबथ लिहिलेलं. ज्या टेपरेकॉर्डरवर सकाळी तुकडोजी महाराजांची भजनं लागायची त्याच्यावरच ती लावली. पहिल्या अल्बमची सुरुवात पावसाने होते, मग गडगडाट, मग लांबून चर्चची घंटा. बाहेर पण पाऊस होता म्हणून आम्हाला आधी कळलंच नाही की टेप सुरू झाली, आणि मग तो गिटार आला, भरलेली बंडी चढावर चढते ना तसा, हळू, जड, थांबणार नाही असा. तोपर्यंत आमच्यासाठी इंग्लिश गाणे म्हणजे लवकर लवकर वाजणारं काहीतरी. हे एवढं सावकाश वाजते आणि तरी अंगावर येते, याचंच नवल वाटलं. तो अख्खा अल्बम त्यांनी १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला होता हे फार नंतर कळलं. १३ फेब्रुवारी १९७० ला आला तो.

पण ते आपले वाटले ते त्यांच्या गोष्टीमुळे. चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कारखान्यातल्या कामगारांच्या वस्तीत वाढलेले. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं, गाड्यांचे हॉर्न बनवायच्या कारखान्यात केलं. आणि टोनी आयोमी, गिटारवाला, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, नोकरीचा शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला तर म्हणे आता परत जातच नाही, आईने सांगितलं की दिवस पुरा कर, आणि त्याच दुपारी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात उजवाच. सगळ्यांनी सांगितलं की आता विसर. कारखान्याच्या फोरमनने मात्र त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, ज्याचा हात आगीत भाजला होता आणि जो दोन बोटांवर गिटार वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या मापाच्या टोप्या केल्या, घासून घासून बसवल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं, आणि तारा पातळ लावल्या.

आमच्याकडे ही गोष्ट नुसती ऐकून सोडून देता येत नाही. कुट्टी मशीन, थ्रेशर, जिनिंग, प्रत्येक गावात एक तरी हात असा असतोच. आमच्या भजन मंडळातले पेटीवाले दादा, त्यांची उजव्या हाताची दोन बोटं पेऱ्यापासून नाहीत, कडबा कापताना गेली. मी त्यांना आयोमीचं सांगितलं तेव्हा ते पेटीच्या भात्याला ठिगळ लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मंग टोप्या टोचत नसन काय त्याले?" मी म्हटलं टोचत असतील, पण दुसरं दुखणं म्हणजे तारेचा ताण, म्हणून १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्यानं अख्खा गिटारच खाली उतरवला, तारा ढिल्या, सूर खालचा, आणि तोच तो जाड आवाज ज्याच्यावर पुढे हेवी मेटल नावाचं सगळं जड रॉक संगीत उभं राहिलं. किती खाली, त्यांनी विचारलं. मी मोबाईलवरून दोन्ही सूर वाजवून दाखवले. दादांनी पेटीवर ते पकडले आणि म्हणाले, "हे त पांढरी तीनवरून काळी एकवर आला म्हण ना. आमी बी तेच करतो, बुवाचा गळा बसला का खाली घेतो." नंतर तीन बोटांनी बराच वेळ काळी एकवरच घोळत राहिले.

पहिला निरोप २०१६ चा. द एंड नावाची टूर, जानेवारीत अमेरिकेत ओमाहाला सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी २०१७ ला त्यांच्याच गावात, बर्मिंगहॅममध्ये संपली. आयोमीला २०१२ मध्ये लिम्फोमा निघाला होता, कॅन्सर, त्यामुळे त्याच्याने आता जगभर फिरणं होत नव्हतं. त्या वेळी जिओ फुकट होतं. हे आमच्यासाठी केवढं मोठं होतं हे शहरातल्या माणसाला समजणार नाही, तोपर्यंत एक गाणं डाउनलोड करायला अर्धा आठवडा जायचा. त्या फेब्रुवारीत लोकांनी मोबाईलवर काढलेले हललेले, फाटक्या आवाजाचे व्हिडिओ आम्ही टॉवरच्या बाजूच्या वावरात जाऊन बघितले. बुटीबोरीवाला तर दिवसपाळीला असूनही रात्ररात्र हेच करायचा. शेवटचं गाणं पॅरानॉईड, वरून जांभळे फुगे, आणि तिघं एकमेकांच्या गळ्यात. तिघं, कारण मूळचा ड्रमर बिल वॉर्ड त्या टूरमध्ये नव्हता, पैशाच्या कराराचं काहीतरी बिनसलं होतं. मला तेव्हाही ते खटकलं. चौघांनी सुरू केलेलं तिघांनी संपवलं.

मध्ये एकदा २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमलाच कॉमनवेल्थ झाली तेव्हा, गुरुजी टीव्हीवर समारोप बघत बसला होता, त्याच दिवशी सिंधूला गोल्ड मिळालं होतं म्हणून. मध्यरात्रीनंतर त्याचा फोन. "उठ बे, ऑझी आला न टीव्हीवर, टोनी बी आहे!" मी धावत टीव्ही लावला तोवर पॅरानॉईड अर्धं झालं होतं. ऑझीला तेव्हा पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन बराच काळ झाला होता, २०२० मध्ये त्यानं जाहीर केलं होतं. पुढे २०२३ मध्ये त्यानं सांगितलं की आता टूर जमत नाही, पाठीचा कणा साथ देत नाही. आम्ही धरून चाललो की संपलं.

आता रॉकवाल्यांचे निरोप कितपत खरे मानायचे हा प्रश्न आहेच. स्कॉर्पियन्स नावाच्या बँडने २०१० मध्ये निरोपाची टूर जाहीर केली आणि ते अजून वाजवतात. किस नावाच्या बँडने २००० मध्ये एकदा निरोप घेतला आणि खरं थांबले डिसेंबर २०२३ ला. ऑझीने स्वतः १९९२ मध्ये नो मोअर टूर्स नावाची टूर काढली होती. मला यात काही वाईट वाटत नाही, ज्याला वाजवल्याशिवाय करमत नाही तो परत येणारच. पण ५ जुलै २०२५ चं तसं नव्हतं, हे जाहीर झालं त्या दिवसापासूनच सगळ्यांना माहीत होतं.

बॅक टू द बिगिनिंग, हे त्या दिवसाच्या कार्यक्रमाचं नाव. जागा व्हिला पार्क, म्हणजे ॲस्टन व्हिलाचं मैदान, ऑझीच्या लहानपणीच्या घरापासून जवळ. चौघेही येणार, बिल वॉर्ड धरून, २००५ नंतर पहिल्यांदा. पैसा जाणार पार्किन्सन्सच्या संशोधनाला, मुलांच्या दवाखान्याला आणि बऱ्या न होणाऱ्या आजारी मुलांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसला. आणि पैसे भरून ते घरबसल्या बघता येणार होतं. बुटीबोरीवाल्याने कार्डवरून तिकीट काढलं, मंडपवाल्याने गोडाऊन मोकळं केलं, क्रिकेटच्या फायनलला लावतो तो पडदा लावला, प्रोजेक्टर, दोन बॉक्स, इन्व्हर्टर. बाजूला खुर्च्यांच्या थप्प्या आणि लग्नाचे लाल गालिचे, त्यावर आम्ही. प्रक्षेपण दोन तास मागे होतं, त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळी सुरू झालं ते पहाटेपर्यंत. दिवसभर डवरणी करून आलेला माणूस रात्रभर जागणार म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळते.

एकामागून एक बँड. मास्टोडॉनपासून सुरुवात, मग ॲन्थ्रॅक्स, ॲलिस इन चेन्स, गोजिरा, स्लेयर, गन्स एन रोझेस, मेटॅलिका, आणि बहुतेक प्रत्येकाने सॅबथचं किंवा ऑझीचं काहीतरी वाजवलं. एवढे मोठे लोक, स्वतःच्या नावावर स्टेडियम भरवणारे, आणि त्या दिवशी विद्यार्थी होऊन उभे. मध्येच यंगब्लड नावाच्या पोट्ट्याने चेंजेस गायलं. आम्हाला तो कोण हे माहीत नव्हतं, पण कृषी केंद्रवाला, जो कधी डोळ्यात पाणी दाखवत नाही, तो उठून बाहेर गेला आणि गाणं संपल्यावरच आत आला. मध्ये लाइन गेली, डीपीवरून काहीतरी उडालं, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालला पण बॉक्स बंद करावे लागले, मग मोबाईलचा छोटा स्पीकर पाण्याच्या स्टीलच्या जगमध्ये ठेवून ऐकलं. स्लेयर आम्ही असे ऐकले. लाइन आली तेव्हा सगळे ओरडले.

पेटीवाले दादा रात्री उशिरा आले. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, पहाटे देवळात पूजा आणि भजन, ते म्हणाले तसंही आज झोपायचं नाही. मग ऑझी आला. स्टेजच्या खालून वर, काळ्या सिंहासनावर बसून. उभं राहायचा प्रयत्न करायचा, जमायचं नाही, हात वर करायचा, डोळे मोठे करायचा, टाळ्या मागायचा. आधी स्वतःची गाणी गायला. दादा म्हणाले, "पायात जीव नाही बाप्पा त्याच्या, पण गळा सोडून नाही राह्यला." बस, एवढंच.

मग चौघं. ऑझी ७६, टोनी आणि बिल ७७, बेस गिटारवाला गीझर ७५. वॉर पिग्ज या गाण्याची सुरुवात सायरनने होते, आणि मंडपवाल्याने नेमके तेव्हाच बॉक्स पूर्ण उघडले. पलीकडच्या घरातली आजी कंदील घेऊन दारात, "काय झालं रे पोट्टेहो, कुठं आग लागली काय?" तिला खुर्ची दिली, ती पण बसली थोडा वेळ. बिल वॉर्ड मध्येच शर्ट काढून वाजवायला लागला, ७७ व्या वर्षी. आयर्न मॅन गाण्याला कॅमेरा टोनीच्या उजव्या हातावर गेला आणि दादा एकदम म्हणाले, थांबव. मंडपवाल्याने थांबवलं. त्या दोन बोटांवरच्या टोप्या स्पष्ट दिसत होत्या. दादा पडद्याजवळ गेले, आपला हात पुढे धरून स्वतःची बोटं त्या मोठ्या बोटांशेजारी लावली, नीट बघितलं, मग म्हणाले, "ह्याचे थोडे लांब राह्यले माह्यापेक्षा. चालू कर." आणि परत येऊन बसले. मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त हेच आठवते.

शेवट परत पॅरानॉईड. २०१७ ला तेच, इथेही तेच. मग आतषबाजी. दादा तिथूनच देवळात गेले, आम्ही खुर्च्या आवरल्या, सकाळी गुरुजीकडे साबुदाण्याची उसळ खाल्ली आणि जो तो घरी.

सतरा दिवसांनी बातमी आली. मी वावरात नव्हतो, घरीच होतो, रात्री ग्रुपवर कृषी केंद्रवाल्याने नुसतं "गेला" लिहिलं, आणि कोण ते कोणीच विचारलं नाही. ३० जुलैला बर्मिंगहॅममध्ये त्याची अंत्ययात्रा ब्लॅक सॅबथच्या नावाच्या पुलावरून गेली, रस्त्यावर हजारो लोक, तेही आम्ही पाहिलं. माणूस एवढा आजारी, पण आधी आपल्या गावात येऊन, जुने सोबती गोळा करून, गाऊन, मग गेला. असं कोणाला मिळते.

आता वाद एवढाच आहे की खरा निरोप कोणता. मी म्हणतो २०२५, कारण चौघं होते. बुटीबोरीवाला म्हणतो २०१७, कारण ऑझी उभा होता, आवाज होता, आणि टूर म्हणजे टूर, एका दिवसाचा कार्यक्रम टूर नसते. दादांचं तिसरंच, ते म्हणतात अख्खी रात्र बसवून ह्या लोकांनी फक्त चारच गाणी वाजवली, एवढ्या जागरणात आपलं मंडळ किती अभंग म्हणते. त्यावर आमच्याकडे उत्तर नाही. तर ठरलं असं की येत्या ४ फेब्रुवारीला २०१७ चा बर्मिंगहॅमचा पूर्ण कार्यक्रम गोडाऊनमध्ये लावायचा, कापूस बहुतेकांचा तोवर निघालेला असते. मंडपवाला इन्व्हर्टरला नवी बॅटरी घेतो म्हणाला, आणि दादांनी पुढची खुर्ची आताच सांगून ठेवली आहे.