पेन्सविकची थडगी आणि आमची समाधी

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले असताना तिने मला ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविक या लहानशा गावी नेले. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात छाटून गोलसर केलेले यू वृक्ष उभे आहेत. ते ९९ असल्याचे परंपरेने सांगतात आणि शंभरावे झाड लावले तर सैतान ते उपटून टाकतो, अशी आख्यायिका आहे. मी मात्र दोन तास रमले ते त्या झाडांच्या सावलीतल्या कोरीव थडग्यांमध्ये.

यांतली बहुतेक थडगी सतराव्या आणि अठराव्या शतकांतली आहेत. गावाखालच्या ओढ्यावर पाणचक्क्या चालत, त्यांवर लोकरीचे कापड तयार होई आणि त्या धंद्यात श्रीमंत झालेल्या घराण्यांनी गावातल्याच पाथरवटांकडून ती घडवून घेतली. काही थडगी कमरेइतक्या उंच दगडी पेट्यांसारखी आहेत, तर काही उभी आणि गोलाकार. या गोल थडग्यांना तिथले लोक ‘चहाचे डबे’ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते की देह त्या पेटीतच ठेवलेला असावा, परंतु तो खाली जमिनीत असतो आणि वरची पेटी पोकळ असते. एका पेटीची बाजूची शिळा किंचित सरकली होती. वाकून पाहिले, तर आत सुकलेली पाने तेवढी दिसली.

ज्यांच्या हातांनी हे घडले, त्यांच्यापैकी जॉन ब्रायन हा पाथरवट १७८७ साली वारला आणि त्याच आवारात त्याचे पिरॅमिडच्या आकाराचे थडगे आहे. कारागिराचे नाव असे राहिलेले पाहून मला फार बरे वाटले; आपल्या कितीतरी मंदिरांच्या पाथरवटांची नावे कुठेच कोरलेली नाहीत.

काळारामाचा काळा पाषाण पाहत वाढलेल्या डोळ्यांना तिथला दगड अगदी वेगळा वाटतो. तो मधाळ-करड्या रंगाचा चुनखडक आहे, जवळच्याच डोंगरातल्या खाणींमधला. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो आणि हवेत हळूहळू कठीण होतो, म्हणून त्यावर बारीक काम साधते. एका थडग्याच्या कोपऱ्यावर पंख असलेले बालमुख होते. नाक पावसाने झिजून सपाट झाले होते, पण कपाळावरच्या कुरळ्या बटांमधली टाकीची खोच बोटाला स्पष्ट लागत होती.

या थडग्यांना पावसाइतकेच माणसाच्या चुकीच्या डागडुजीचेही भय असते. शिळा जोडण्यासाठी आत बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि कोपरे फोडतात; सांध्यांत सिमेंट भरले, तर ओल आत कोंडते आणि सिमेंट शाबूत राहून दगडच भुगा होत जातो. म्हणून जाणकार चुन्याचाच गिलावा वापरतात. शिळांवर पिवळे-करडे दगडफूल चढलेले असते, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतले. ते अतिशय सावकाश वाढते आणि तारेच्या ब्रशने खरवडले, तर त्याच्याबरोबर कोरीवकामही निघून येते.

हे सारे मनात घेऊन मी नाशिकला परतले, तेव्हा गंगेकाठच्या आमच्या मळ्यात पणजोबांच्या समाधीचे काम निघाले होते. चौथऱ्याचे दोन सांधे उघडले होते. भावाने सिमेंट आणून ठेवले होते आणि पादुकांना ऑइलपेंट लावायचाही बेत होता. मी त्याला म्हटले, “दादा, रंग नको आणि सिमेंटही नको, आपण चुनाच भरू या.” त्याला आधी पटेना, पण मागच्या बाजूला पूर्वी सिमेंट भरलेल्या सांध्यालगत दगडाच्या कपच्या सुटल्या होत्या, त्या मी त्याच्या हातावर ठेवल्या. दोन दिवसांनी चुना भिजवला गेला. पादुकांच्या टाचेशी रुपयाएवढे करडे दगडफूल आहे, ते आम्ही तसेच ठेवले.