कोटा मंजूर, पण मशीन कुठे आहेत?

आमचं काम रात्रीचं. दिवसभरात साठलेले व्हिडिओ सकाळपर्यंत एन्कोड करून टाकायचे. त्यासाठी क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या मशीनचे हजारो व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) काही तास लागतात, मग शून्य. कोटा, म्हणजे एका वेळी किती मागता येईल ती मर्यादा, वाढवायचा अर्ज केला, मंजूरही झाला आणि त्याच रात्री लॉगमध्ये एकच रडगाणं: क्षमता अपुरी. कोटा म्हणजे नुसती मागायची मुभा. त्या झोनमध्ये (क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरच्या गटात) त्या घटकेला तेवढं हार्डवेअर मोकळं असेलच, याची हमी कुणी देत नाही.

वर्षभराचा सवलतीचा करार होता की, असं वित्त विभागाचं म्हणणं. पण तशा करारात दर उतरतो, जागा राखली जात नाही. जागा हवी तर कपॅसिटी रिझर्व्हेशन घ्यायचं आणि मशीन चालो न चालो, पैसे मोजायचे. ते मी फक्त कामांची रांग सांभाळणाऱ्या मोजक्या मशीनसाठी घेतलं.

खरा फरक मागणीची भाषा बदलल्यावर पडला. ‘याच प्रकारच्या इतक्या मशीन’ हे सोडून ‘एवढे व्हीसीपीयू द्या, इंटेल असो की एएमडी, मागची पिढी असली तरी चालेल, तिन्ही झोनमधून मिळून द्या’ असं मागायला लागलो. 16 व्हीसीपीयूच्या मशीनचं वजन 16, 32च्या मशीनचं 32. बेरीज जुळली की झालं. आर्म (वेगळ्या रचनेचे प्रोसेसर) मात्र वगळलं, एन्कोडरचा वेगळा बिल्ड सांभाळायला माणूस नव्हता.

बहुतेक मशीन स्पॉटवर, म्हणजे क्लाउडची उरलेली क्षमता स्वस्तात, पण कधीही काढून घेतली जाईल या अटीवर. त्या काढून घेण्याआधी एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) 2 मिनिटांची सूचना देतं, अझुर (मायक्रोसॉफ्टचं) किमान 30 सेकंदांची. एवढ्यात अख्खा व्हिडिओ थोडाच होतो! म्हणून छोटे तुकडे पाडले, झालेला तुकडा लगेच ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (मशीनबाहेरच्या फाइलींच्या साठ्यात). मशीन गेली तर हातातला एक तुकडा जातो, तो पुन्हा रांगेत. सगळ्यात स्वस्त पूलच्या (एका झोनमधल्या एका प्रकारच्या मोकळ्या मशीनच्या साठ्याच्या) मागेही लागलो नाही. जिथे मोकळी क्षमता जास्त, तिथून आधी उचलायचं असं धोरण लावलं.

मशीन मिळायला लागल्या, तर आयपी पत्ते संपले. /24 सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) पत्ते 256, त्यातले काही क्लाउड स्वतःकडे ठेवतो. प्रत्येक झोनमध्ये जास्त पत्त्यांची नवी /20 सबनेट केली, विषय संपला.

जीपीयूच्या (ग्राफिक्स प्रोसेसरच्या) मशीनना मात्र यातलं काहीच फारसं लागू पडलं नाही. पर्यायी प्रकार मोजकेच. तिथे रिझर्व्हेशन घेऊन बसलोय आणि दर महिन्याला वित्त विभागाचा मेल येतो, ‘हे रिकामं का पडलंय?’