जामीनदार कोण, ऋणको कोण

बुधवार, रात्री.

व्याकरण एका वहीत आणि शब्दसंग्रह दुसऱ्या वहीत, ही सरावाची जुनी पद्धत मी या आठवड्यात बंद केली. पैशांच्या व्यवहाराचे इंग्रजी शब्द आणि हू, हूम, हूज, विच, दॅट यांनी जोडली जाणारी विशेषणवाक्ये एकत्रच शिकावीत, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पैसा कोणाकडून निघाला आणि कोणाकडे गेला हे स्पष्ट झाल्याखेरीज व्यवहाराचे कोणतेही वाक्य पूर्ण होत नाही, आणि इंग्रजीत ती दिशा दाखवण्याचे काम बहुतेक वेळा ही संबंधी सर्वनामेच करतात.

मराठीत उसने घेणे आणि उसने देणे यांत ‘उसने’ तोच राहतो आणि फक्त क्रियापद बदलते; इंग्रजीत मात्र घेणाऱ्यासाठी बॉरो आणि देणाऱ्यासाठी लेंड असे दोन स्वतंत्र शब्द असून पहिल्याला फ्रॉम आणि दुसऱ्याला टू लागते. एवढे पाठ करून भागत नाही. ‘द वुमन हू लेंट मी द मनी’ म्हटले की पैसे तिने मला दिलेले असतात आणि देणे मी लागते. ‘द वुमन आय लेंट द मनी टू’ म्हटले की येणे माझे असते. दुसऱ्या वाक्यात हूम गाळता येते, कारण त्या उपवाक्याचा कर्ता ‘आय’ समोर उभा आहे. पहिल्यात हू हाच कर्ता असल्यामुळे तो गाळता येत नाही. हा नियम मी आधीही वाचला होता, पण देणे-घेणे बदलते हे पाहिल्यावरच तो मनात बसला. सासरे निवृत्त रोखपाल आहेत आणि रात्रीच्या जेवणानंतर माझी वाक्ये आवडीने ऐकतात. आज ते म्हणाले, “सूनबाई, आधी येणं कोणाचं आणि देणं कोणाचं ते ठरव, मग वाक्य कर.” मी म्हटले, “बाबा, इंग्रजीत ते ठरवल्याशिवाय हू की हूम हेसुद्धा कळत नाही.”

फी, फेअर, फाइन आणि टोल यांतला फरक मला फारसा अडला नाही. शुल्क, भाडे, दंड आणि पथकर हे वेगळे आहेत हे आपल्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते. अडते ते कर्जाच्या कागदांत. मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते, आणि दुसरीकडून आलेली इंग्रजी मंजुरीपत्रे घेऊन ओळखीचे सभासद विश्वासाने माझ्याकडे येतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँका आणि बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे आवश्यक आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. तरीही ज्या करारावर सही होते तो पुष्कळदा इंग्रजीतच असतो, आणि तो समजावून सांगणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

म्हणून सरावासाठी मी पाठ्यपुस्तकातल्या दुकानदाराच्या संवादांऐवजी भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १२६ घेतले. ‘द पर्सन हू गिव्ह्ज द गॅरंटी’ म्हणजे शुअरिटी. ‘द पर्सन इन रिस्पेक्ट ऑफ हूज डिफॉल्ट द गॅरंटी इज गिव्हन’ म्हणजे प्रिन्सिपल डेटर. आणि ‘द पर्सन टू हूम द गॅरंटी इज गिव्हन’ म्हणजे क्रेडिटर. जो हमी देतो तो जामीनदार, ज्याच्या कसुरीबाबत हमी दिली जाते तो मूळ ऋणको, आणि ज्याला हमी दिली जाते तो धनको. एका वाक्यात हू, हूज आणि हूम तिन्ही आले आहेत आणि प्रत्येकाने एकेक माणूस नेमका ओळखून दाखवला आहे. मराठीतल्या जो, ज्याच्या आणि ज्याला यांच्याशी ते इतके नीट जुळतात की, वर्गात शिकवायचे झाल्यास मी याच कलमापासून सुरुवात करीन. पुढे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. शेजाऱ्याच्या आग्रहाखातर सही करणाऱ्या माणसाला ‘हू गिव्ह्ज’ हे दोन शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत हे कोणीतरी सांगायलाच हवे.

स्वल्पविरामावर मी आज सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘द गॅरंटर्स हू साइन्ड ऑन मंडे विल गेट अ नोटिस’ या वाक्यात फक्त सोमवारी सह्या केलेल्यांनाच नोटीस जाते. पण हूच्या आधी आणि मंडेनंतर स्वल्पविराम दिले की सगळ्याच जामीनदारांनी सोमवारी सह्या केल्या आणि नोटीसही सगळ्यांनाच जाणार, असा अर्थ होतो. आपण ‘ज्यांनी सह्या केल्या त्यांनाच’ असे म्हणून संख्या मर्यादित करतो, म्हणजे आपला ‘च’ जे काम करतो ते इथे विरामचिन्हाच्या असण्या-नसण्यावर सोपवलेले आहे. असे वाक्य मोठ्याने वाचताना स्वल्पविरामापाशी थांबलेच पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला हा भेद कळणार नाही. शिवाय स्वल्पविरामांमधल्या अशा उपवाक्यात दॅट चालत नाही, हू किंवा विचच लागते.

उद्यासाठी कलम १४५ वहीत उतरवून ठेवले आहे. जामीनदाराने हमीपोटी जी रक्कम रास्तपणे भरली असेल ती मूळ ऋणकोकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे, गैरपणे भरलेली मात्र नाही, असे ते सांगते. त्यात रास्त रकमेसाठी ‘व्हॉटएव्हर सम’ आणि गैर रकमेसाठी विच वापरले आहे. त्या दोन्ही उपवाक्यांत कर्ता आणि कर्म कोणते, हे उद्या सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी मांडून पाहायचे आहे.